पाण्याचा ट्रेलर, इंजिनासह

जीप आली ती क्रेनच्या आकड्याला लोंबकळत. पुढचे दोन्ही दिवे गेलेले, टपाच्या जागी नुसतं आभाळ, आणि ड्रायव्हरच्या सीटमधून उगवलेलं एक रोपटं वाऱ्यावर डुलतंय, अशा थाटात ती गल्लीत शिरली. समोरच्या दातांच्या डॉक्टरांना वाटलं, कुठेतरी अपघात झालाय. त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलंसुद्धा, "अहो, पोलीस चौकी पुढच्या चौकात!" क्रेनवाल्यानं तिकडे पाहिलंही नाही. त्यानं नानांच्या फाटकापाशी ब्रेक दाबला आणि विचारलं, "भंगार कुठे टाकू?"

"भंगार नाही. लष्करी गाडी आहे," नाना म्हणाले.

"हां, तेच. कुठे टाकू?"

नानांच्या मानी स्वभावाला बसलेला हा पहिला धक्का. पुढे इतके बसले की हा धक्का होता हेही ते विसरून गेले.

नाना पाणीपुरवठा खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी नळांचे, टाक्यांचे आणि झडपांचे नकाशे काढले. त्यांच्या रेघेला खात्यात मान होता. "नानांची रेघ म्हणजे रेघ," असं साहेब लोकही म्हणत. पण घरातला नळ गळायला लागला की नाना शांतपणे प्लंबरला फोन करत, आणि प्लंबर काम करत असताना त्याच्या मागे उभं राहून, गळती कशी होते ते त्याला समजावून सांगत. निवृत्त झाल्यावर मात्र एक विचार त्यांना पोखरायला लागला. आपण जन्मभर कागदावर इतकं जोडलं, पण हातांनी काय जोडलं? असा विचार निवृत्त माणसाच्या मनात यावा हे वाईट, पण त्याच वेळी घरात मेव्हणा यावा हे त्याहून वाईट.

मेव्हणा म्हणजे माईंचा धाकटा भाऊ. लिलावांना जायचं आणि दुसऱ्यांच्या वतीनं बोली लावायची हा त्याचा छंद. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यानं ही जीप पाहिली आणि त्याला भावोजींची आठवण झाली. असं का झालं असावं, यावर नानांनी पुढे बराच विचार केला.

"भावोजी, लष्कराचा माल आहे. लष्कराचा माल मरत नाही."

"मग हिला काय झालंय?"

"विश्रांती घेतेय."

आता प्रश्न होता जागेचा. नानांच्या घराला गॅरेज होतं, पण गाडी कधीच नव्हती. म्हणून माईंनी तिथे शिवणवर्ग थाटला होता. मशीनांची रांग, कापायचं लांब टेबल, भिंतीवर बाह्या-कॉलरांचे कागदी साचे. गल्लीतल्या निम्म्या मुली तिथे शिकून गेल्या होत्या, आणि घरात नानांना 'अहो' म्हणणाऱ्या माई तिथे 'बाई' असायच्या.

"दोन महिने म्हणजे दोनच ना?" माईंनी विचारलं.

"फार तर अडीच," नाना म्हणाले.

मशीनं बाहेरच्या खोलीत आली. कापायचं टेबल दारातून आत येईना, म्हणून ते गॅरेजच्या मागच्या भिंतीशी उभं केलं. ग्रीसनं माखलेल्या माणसानं नव्या कापडांच्या गठ्ठ्यांमधून जायचं नाही, असा नियम माईंनी पहिल्याच आठवड्यात केला, कारण कुणाच्यातरी पांढऱ्या झग्यावर नानांचा पंजा उमटला होता. मागच्या दाराशी जीपचा सांगाडा टेकवलेला. त्यामुळे स्वतःच्या घरात शिरायला नानांना एकच वाट उरली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीची. ज्या माणसाच्या रेघेला साहेब लोक मान देत, तो माणूस रोज दुपारी ओट्यावर एक पाय टाकून जेवायला घरात उतरू लागला. सवय झाली की माणूस कशातही प्रावीण्य मिळवतो. पुढे पुढे तर नाना हातातलं वर्तमानपत्र न मिटता आत येत.

जीप उघडायला घेतल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे, की लष्कराच्या मालाची चौकशी करायला सगळ्यांनाच आवडतं. शेजारच्या घरात मेजर राहत. गल्लीनं त्यांना दिलेलं हे नाव. लष्करात ते होते हे खरं, पण भांडारात, घोंगड्या आणि बादल्यांच्या व्यवस्थेला. रोज सकाळी ते हात मागे बांधून गॅरेजच्या दारात उभे राहत आणि नाना जीपखाली आडवे झाले की बोलायला लागत.

"आमच्या वेळी असली गाडी चार जवान डोळ्यांवर पट्टी बांधून उघडायचे आणि जोडायचे."

जीपखालून नानांचा आवाज आला, "तुम्ही जोडलीत कधी?"

"मी पट्ट्या पुरवल्या."

दातांचे डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचे. त्यांचा सल्ला कमी शब्दांत असे, पण भीती जास्त वाटे. खिशातली बारीक सळई काढून त्यांनी गंजलेल्या पत्र्यावर हलकेच टोचून पाहिलं. सळई आरपार गेली आणि खाली पडल्याचा आवाज आला.

"कीड वरवरची नाही," डॉक्टर म्हणाले. "मुळापर्यंत गेलीय. काढावं लागेल."

"काय काढावं लागेल?"

डॉक्टरांनी सबंध जीपवरून नजर फिरवली आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आधी कितीजणांच्या खांद्यावर ठेवला असेल आणि मग त्या लोकांचं काय झालं असेल, या विचारानं नानांची दाढ त्या संध्याकाळी उगाचच ठणकली.

शेवटी जाणकार म्हणून उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणजे जुन्या गाड्यांचे नामांकित मेकॅनिक. ते आले, चहा प्यायले, बॉनेट उघडून इंजिनाकडे पाहून "हं" म्हणाले. मग पुन्हा चहा प्यायले. "गाडीत जीव आहे," असं सांगून त्यांनी कार्बुरेटर काढला, फडक्यात गुंडाळला आणि साफ करून आणतो म्हणून घेऊन गेले. त्यानंतर उस्ताद दिसले नाहीत. आधी ते आजारी होते, मग लग्नाला गेले होते, मग मुलीकडे राहायला गेले होते, आणि या सगळीकडे कार्बुरेटर त्यांच्यासोबत हिंडत होता. नाना जन्मात कुठे गेले नव्हते इतका तो कार्बुरेटर फिरला. अखेर मेव्हण्यानं मुलीच्या गावी जाऊन तो परत आणला, तेव्हा तो खरोखरच साफ होता. उस्तादांच्या नातवानं त्याचा खेळण्यातला किल्ला केला होता आणि मुलीनं तो रोज धुतला होता.

तेव्हा नानांनी ठरवलं, आता कुणावर विसंबायचं नाही. आपल्या हातात आहे ते वापरायचं, आणि नानांच्या हातात होती रेघ. त्यांनी जुनी ड्रॉइंगची पेटी काढली, पेन्सिलींना टोक केलं आणि जीप उघडता उघडता प्रत्येक भागाचा नकाशा काढायला सुरुवात केली. स्टीअरिंगचा नकाशा, क्लचचा नकाशा, आणि सगळ्यात देखणा मागच्या ॲक्सलचा. दोन चाकांना जोडणारा तो जाड लोखंडी दांडा, त्याच्या मधल्या फुगीर पोटात बसलेलं मोठं दातेरी चाक, ज्याला कारागीर क्राऊन म्हणतात ते. हा नकाशा नानांनी जीपखाली उताणं पडून, छातीवर फळी घेऊन, डोळ्यांत माती पडत असताना काढला. खात्यात असते तर तो साहेबांच्या केबिनमध्ये लागला असता.

अडीच महिने केव्हाच उलटून गेले होते. आता माई महिन्यांचं नाव काढत नसत, आणि नानांना त्याचीच जास्त भीती वाटत असे. त्यांची पाठ धरली होती, मान एका बाजूला वळत नव्हती. बसल्याजागी झोप यायची, पण पलंगावर पडलं की डोळ्यांसमोर बोल्ट यायचे. आपण हे कशासाठी करतोय, हे त्यांना आठवेना. मात्र अर्धी जोडलेली गाडी सोडून देणंही जमेना, कारण ती सगळ्या गल्लीनं पाहिली होती.

आणि अशा वेळी त्यांना परिवहन कार्यालयात जावं लागलं.

खिडकीतल्या कारकुनानं लिलावाचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हा पाण्याचा ट्रेलर आहे."

"नाही हो, जीप आहे."

"कागदावर पाण्याचा ट्रेलर आहे. मागे ओढायचा. ट्रेलरला इंजिन नसतं."

"पण हिला आहे."

"मग ते काढा आणि आणा. ट्रेलर म्हणून नोंद करून देतो."

नानांनी इंजिन नुकतंच बसवलं होतं. त्यांच्या पाठीला ते अजून आठवत होतं. ते लष्कराच्या भांडारात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही ट्रेलर दिला आणि तुमच्याकडे जीप गेली?"

"हो."

"मग ट्रेलर कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही म्हणता ते खरं असेल तर आमच्याकडे एक ट्रेलर जास्त आणि एक जीप कमी. चौकशी लागेल. तुम्हाला येत राहावं लागेल."

"कुठवर?"

"चौकशी संपेपर्यंत."

नाना उठले, नमस्कार केला आणि मागच्या मागे बाहेर पडले. पुन्हा खिडकी, पुन्हा कारकून, पुन्हा चष्मा. इतक्या खेपा झाल्या की कारकुनाला नानांची दया येऊ लागली, आणि कारकुनाला दया आली की तो नवीन प्रकार शोधून काढतो. यानं लिहिलं: 'पाण्याचा ट्रेलर, सुधारित, इंजिनासह.' आता फक्त तपासणी उरली होती. गाडी स्वतःच्या बळावर कार्यालयाच्या पटांगणात यायला हवी, पुढे आणि मागे चालून दाखवायला हवी. तारीख मिळाली ती पुढच्या सोमवारची. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

रविवारी सकाळी नानांनी जीप पहिल्यांदा सुरू केली. गॅरेजचं दार सताड उघडं. नाकाड बाहेरच्या बाजूला करून उभी, नवा हिरवा रंग, नवे दिवे. अंगणात मेजर छाती काढून उभे, डॉक्टर मास्क लावून उभे, मेव्हणा फोटो काढायला फाटकावर चढलेला, आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत माई. इंजिन खोकलं, थुंकलं आणि धडधडायला लागलं. मेजरांनी सलाम ठोकला. नानांचे डोळे पाणावले. त्यात धुराचाही भाग होता, पण सगळा नाही.

खात्याची गाडी चालवायचे त्याच सवयीनं नानांनी पहिला गिअर टाकला, गल्लीकडे अभिमानानं पाहिलं आणि क्लच सोडला. जीप उडी मारून मागे गेली. मागच्या भिंतीवर आदळली. फळीवरचा रंगाचा डबा नानांच्या मांडीवर आला.

"चुकून रिव्हर्स पडला," नाना म्हणाले. त्यांनी काळजीपूर्वक दुसरा गिअर टाकला. जीप पुन्हा मागे, या वेळी जरा जोरात. माईंचं कापायचं टेबल कण्हलं. तिसरा टाकला. टेबलाचा एक पाय गेला.

नानांनी मग, कुठलीच आशा न ठेवता, रिव्हर्स टाकला. जीप संथपणे, डौलात, पुढे आली आणि फाटकापाशी थांबली.

"रिव्हर्स पुढे जातोय," डॉक्टर म्हणाले.

"युद्धात माघार हीसुद्धा एक चाल असते," मेजर म्हणाले. "नाना, फोर व्हील टाका! लष्कराची गाडी आहे. चारी चाकं लावा कामाला!"

नानांनी चारही चाकांना जोडणारा दांडा ओढला आणि पुन्हा पहिला गिअर टाकला. मागची चाकं मागे जायला निघाली, पुढची पुढे, आणि गाडी मधल्या मध्ये थरथरत, करकरत, जागच्या जागी उभी राहिली. खात्यातल्या बैठका नानांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या, त्यामुळे हे दृश्य त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. लोक हळूहळू, आजारी माणसाच्या घरून निघतात तसे, निघाले.

नानांनी मागच्या ॲक्सलचा नकाशा पेटीतून बाहेर काढला. सरळ पाहिला, आडवा पाहिला. मग तो डोक्यावर धरून खालून पाहिला आणि मटकन खाली बसले. नकाशा बरोबर होता, अगदी रेघेला रेघ. फक्त तो जीपखाली उताणं पडून, खालून पाहून काढला होता. जोडताना मात्र त्यांनी ॲक्सल टेबलावर ठेवला आणि नकाशा वरून पाहिला. डावं ते उजवं झालं होतं. क्राऊन उलट्या बाजूला बसला होता, आणि त्या एकापायी मागची चाकं जे सांगावं त्याच्या उलट करत होती.

माई खिडकीशी आल्या. ओठांत टाचण्या होत्या, त्या काढून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"मी उलटं लावलं."

"मग उसवायचं. बाही उलटी लागली तर आम्ही नाही का उसवत?"

"अगं, ॲक्सल आहे तो. उसवायला महिना जाईल. उद्या तपासणी."

माईंनी टाचण्या पदराला टोचल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, मी आजवर काही म्हटलं नाही. पण वर्गातल्या मुली चालल्यात सोडून. कोपऱ्यावर नवा वर्ग निघालाय. तिथे प्रत्येकीला टेबल आहे, आणि तिथे कुणाचा नवरा खिडकीतून आत येत नाही."

"मला माझी जागा हवी. नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर लावता येते ना? मग उद्या नोंदणी झाली तर ती बाहेर राहील. नाही झाली तर तिथूनच भंगारात द्यायची. घरी परत आणायची नाही. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना वाईट वाटण्याऐवजी, कुणीतरी पाठीवरून पोतं उतरवल्यासारखं वाटलं.

"मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"भंगारवाल्याशी तुम्हाला बोलता येणार नाही."

सोमवारी सकाळी दोघं निघाले. नानांनी रिव्हर्स टाकला आणि जीप पुढे चालू लागली. रिव्हर्स हा गिअर माणसानं गॅरेजमध्ये शिरण्यापुरता बनवलेला आहे, गावभर फिरायला नाही. इंजिन किंकाळत होतं आणि गाडी रमतगमत जात होती. सायकलवाले पुढे गेले. मग पायी जाणारे पुढे गेले. भाजीची पिशवी घेतलेल्या एका म्हातारबाई बराच वेळ जीपच्या बरोबरीनं चालल्या, आतल्या दोघांना नीट पाहून घेतलं, आणि मग कंटाळून त्याही पुढे गेल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ. नाना नजर सरळ ठेवून, एखाद्या मिरवणुकीत बसल्यासारखे ताठ बसले होते. माईंनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

कार्यालयाच्या फाटकाबाहेर भंगारवाले उभेच असतात. त्यातला एक पुढे आला, जीपभोवती फिरला आणि बॉनेटवर कान लावून टकटक करून पाहिलं, कलिंगड पाहतात तसं.

"येताना बोलू," नाना थकून म्हणाले. माई त्या माणसाच्या बोटांकडे पाहत होत्या.

तपासनीस पोट पुढे, पेन कानावर, अशा ऐटीत आला. त्यानं कागद वाचला.

"पाण्याचा ट्रेलर. टाकी कुठाय?"

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. मग खात्यातली इतक्या वर्षांची नोकरी मदतीला धावली. त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटर दाखवला. "ही. पाणी भरलेलं आहे."

तपासनिसानं झाकण काढून आत बोट घातलं. बोट ओलं झालं. त्यानं लिहिलं: 'टाकी आहे. क्षमता अल्प.' मग तो सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसला.

"साहेब, जरा ऐका. हिचे गिअर..."

"मला गिअर शिकवू नका. मी ट्रक चालवलेत."

त्यानं पहिला गिअर टाकला, समोर मोकळ्या पटांगणाकडे पाहिलं आणि क्लच सोडला. जीप मागे सुटली. कार्यालयाच्या दारातल्या कुंड्या गेल्या. मग 'आवारात शिस्त पाळा' असा फलक गेला. तपासनीस समोर बघत, स्टीअरिंग घट्ट धरून, मागे मागे जात राहिला आणि व्हरांड्याच्या कठड्याला टेकून थांबला. खिडक्यांतून कारकुनांची डोकी बाहेर आली.

तपासनीस खाली उतरला. शर्ट नीट केला.

"मी रिव्हर्सच तपासत होतो," तो म्हणाला.

"हो साहेब," नाना म्हणाले. "मीही तेच पाहिलं."

"रिव्हर्स चांगला आहे. आता पुढे घेऊन दाखवा."

नाना चढले, गुपचूप रिव्हर्स टाकला आणि जीप पटांगणाच्या टोकापर्यंत नेऊन थांबवली. तपासनीस मागोमाग चालत आला. वाकून त्यानं गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"हा तर रिव्हर्स पडलाय. आणि गाडी पुढे आली. हे काय आहे?"

नानांनी तोंड उघडलं. खरं सांगायचा त्यांचा विचार होता, सगळं, नकाशापासून. फाटकाबाहेर भंगारवाला बीडी विझवून उभा राहिलेला त्यांना दिसला.

"लष्करी आहे ना," माई म्हणाल्या.

तपासनिसानं त्यांच्याकडे पाहिलं.

"शत्रूनं पळवून नेऊ नये म्हणून गिअर उलटे असतात. चोरून बसला की जातो मागे, आपल्याच लोकांच्या हातात." माईंचा आवाज वर्गात बटणपट्टी समजावून सांगावी तसा होता. "तुम्हाला ठाऊक असेलच."

तपासनीस क्षणभर थबकला. व्हरांड्यातून सगळं कार्यालय बघत होतं. पायाशी कुंड्यांची माती होती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "हल्ली पाहायला मिळत नाहीत अशा." आणि त्यानं कानावरचं पेन काढून सही केली.

फाटकातून बाहेर पडताना भंगारवाल्यानं हात वर केला. माईंनी नुसती मान हलवली, नाही अशी.

थोडं पुढे गेल्यावर नानांनी विचारलं, "तू खोटं बोललीस?"

"हो."

"का? तुला तर ती नकोच होती."

"तो टकटक करून बघत होता," माई म्हणाल्या. "मला नाही आवडलं ते. इतके दिवस तुम्ही तिच्याखाली पडून होतात."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं, तर समोर चढ आला होता. चढावर जीप दमली. नानाही दमले. एवढ्या महिन्यांचा शीण, इतका वेळ कुठेतरी अडवून धरलेला, एकदम हातापायांत उतरला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"जरा बसू. स्टीअरिंग धरवत नाही."

"सरका तिकडे," माई म्हणाल्या. "मी चालवते."

"तू? अगं, लायसन्स लागतं!"

माईंनी पर्स उघडली, रुमाल, मापाची पट्टी आणि दोऱ्याची रिळं बाजूला केली आणि लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. त्यावर माईंचाच फोटो होता.

"हे कधी काढलंस?"

"लग्नाआधी. मुदत संपली की जाऊन वाढवून घेते."

"मला कधी बोलली नाहीस?"

"आपल्याकडे गाडी कुठे होती?"

नाना पलीकडे सरकले. माईंनी पदर खोचला, मशीनच्या पायट्यावर ठेवावा तसा बेतानं पाय ठेवला आणि रिव्हर्स टाकला. नानांना दर वेळी मन मारून उलटा विचार करावा लागत होता. माईंना पुढे जायला हा दांडा एवढंच ठाऊक करून घ्यायचं होतं. इंजिन किंकाळलं आणि जीप चढ चढू लागली, संथ, एकसारखी, टीप घालत गेल्यासारखी.

"बघ हं, डावीकडे खड्डा..." नाना म्हणाले. "क्लच अर्धा... नको, तसाच..." पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही. त्यांची मान खांद्यावर कलली, तोंड उघडं राहिलं. इंजिनाचा तेवढा आरडाओरडा, मागे हॉर्न, आणि नाना गाढ झोपले, कित्येक दिवसांत झोपले नव्हते तसे.

गल्ली आली. मेजर अंगणात उभे होते, डॉक्टर खिडकीत, मेव्हणा फाटकावर. जीप येताना पाहून मेव्हण्यानं "पास झाली!" म्हणून आरोळी ठोकली. मेजरांनी सलाम केला. माईंनी ब्रेककडे पाय नेला. गॅरेजचं उघडं दार त्यांना दिसलं, आतलं तीन पायांवर उभं असलेलं टेबल दिसलं. मग त्यांनी शेजारी पाहिलं आणि पाय परत घेतला. जीप घरावरून तशीच पुढे निघाली, चालण्याच्या वेगानं.

मेजर तिच्या बरोबरीनं चालायला लागले. "अहो माई! घर मागे राहिलं की!"

"हळू बोला," माई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. जाग आली की येतो."